उंदरांशी काडीमोड

माझी वहिनी एका संशोधन संस्थेत मधुमेहावरच्या नव्या औषधांचं काम करायची. म्हणजे दिवसभर उंदरांत असायची. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. त्यांचं वजन करायचं, रक्त तपासायचं, औषध लागू पडतंय का बघायचं. पीएचडीही त्यातच केली नि नोकरीही त्यातच लागली. तिचा हात इतका हलका, की सुई टोचली तरी उंदीर चुळबुळत नाही, असं तिच्या मॅडम सांगायच्या.

मग तिला शिंका यायला लागल्या. सर्दी असेल म्हणून तिने कानाडोळा केला. पुढे हातांवर गांधी उठल्या, आणि एका दुपारी पिंजरे बदलताना श्वासच कोंडला. दादाने तिला डॉक्टरांकडे नेलं.

"उंदरांची अ‍ॅलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "हे काम करणाऱ्यांना होते कधीकधी. आता उंदीर बंद."

"मास्क लावून नाही का चालणार?"

"मास्क लावूनच इथवर आलात ना?"

उंदरांनी तिच्या अक्षरशः नाकी नऊ आणले. मॅडमनी पुष्कळ खटपट केली, पण त्यांच्या विभागात दुसरं कामच नव्हतं. वहिनी घरात कोणाशी धड बोलेना. आई समजूत घालायला गेली. "अगं, जीव महत्त्वाचा. उंदीर काय, मेले..." एवढं बोलून पुढचं न सुचल्यामुळे परत आली.

वहिनीने अर्ज करायला सुरुवात केली. एका औषध कंपनीने टेबलावर बसून अहवाल लिहायचं काम देऊ केलं. हुद्दा चांगला होता. दुसरं बोलावणं आलं ते यीस्टकडून इन्सुलिन तयार करून घेणाऱ्या प्रयोगशाळेचं. तिथल्या प्रमुखांनी विचारलं, "यीस्टमधलं काय येतं तुम्हाला?"

"त्याने पाव फुगतो, एवढंच."

ते हसले. "मग तुम्हाला का घ्यायचं?"

"प्रयोग फसला, की कुठे फसला ते मला शोधता येतं. उंदीर असोत की यीस्ट, ते काम सुटत नाही."

त्यांनी तिला घेतलं, पण खालच्या जागेवर.

दादा वैतागला. "पीएचडी होऊन पुन्हा शिकाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांना आधी यीस्ट म्हणजे काय ते सांगावं लागेल," वहिनी म्हणाली. "मग म्हणू देत."

आईने तिचीच बाजू घेतली. "तिला लिहायला बसवलंस, तर संध्याकाळी तुझंच डोकं खाईल."

पहिल्याच महिन्यात तिची यीस्ट वाढवायची एक अख्खी टाकी भलत्याच जंतूंनी नासली. सगळं फेकून द्यावं लागलं. आता ही रडणार, असं आम्हाला वाटलं. ती पोटभर जेवली आणि चूक कुठे झाली असेल ते दादाला समजावत बसली. चूक नळीच्या एका सांध्यात निघाली. पुढची टाकी नीट उतरली, आणि वर्ष सरायच्या आत तिला कायम केलं. आता सुट्टीच्या दिवशीही ती टाक्या बघायला जाते. दादा तिला सोडायला जातो, आणि बाहेर गाडीत वाट बघत झोपतो.