उतारावर भरलेली बॅटरी

मित्रांनो, ज्या दिवशी माझ्या पोटात आणखी कणभरही वीज घ्यायला जागा उरली नाही, त्या दिवशी एका सुखी जोडप्याची बोलती बंद झाली. त्या धक्क्यातून मी स्वतः अजून सावरलेले नाही. मी पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या एका हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी आहे. मागच्या सीटखाली, पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम. येता-जाता मला कोणी पाहत नाही. पण गाडीत बसणाऱ्यांचे वजन, त्यांची बडबड आणि त्यांचे रुसवेफुगवे, सगळे माझ्याच डोक्यावर असते.

कारखान्यात पुष्कळ घट, म्हणजे सेल, एका ओळीत जोडून मला तयार केले. जाड रबरी हातमोजे घातलेल्या एका बाईने माझा शेवटचा स्क्रू आवळला, तेव्हा मला वाटले, आता मला गच्च भरतील. कसले काय! माझ्या शेजारी एक छोटासा संगणक बसवला आणि माझे भरणे-रिकामे होणे त्याच्या हाती दिले. माझ्यात शंभर वाट्या वीज मावते असे धरा. चाळीस वाट्या उरल्या की तो इंजिन चालू करून मला भरायला घेतो. साठच्या आसपास पोचले की इंजिनाला "बस झाले" म्हणतो, आणि ऐंशीच्या वर तर काहीच आत घेऊ देत नाही. सुरुवातीला मला फार राग यायचा. पोटात जागा असताना उपाशी का ठेवता? मग हळूहळू उमगले. तळापर्यंत रिकामी झाले तर माझे घट खराब होतात, आणि सदा तुडुंब राहिले तर लवकर म्हातारे होतात. शिवाय गाडीचा वेग कमी करताना चाकांच्या फिरण्यातून जी वीज तयार होते, तिच्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवावीच लागते.

आमची गाडी काका-काकूंची. काकांनी आयुष्यभर बस चालवली. काकू घरी शाळेचे गणवेश शिवत. निवृत्तीनंतर काकांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडले. समोर पाहिले की नेमका मधला भाग धुरकट दिसायचा. कडेचे तेवढे स्पष्ट. डॉक्टरांनी डोळ्यांत ठरावीक दिवसांनी इंजेक्शने घ्यायला सांगितली आणि गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हा साठीला टेकलेल्या काकू म्हणाल्या, "मी शिकते." सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. पण शिलाई मशीनची पायटी हलवण्यात जन्म गेलेला पाय तो! काकू ब्रेक इतका हलका आणि इतका आधीपासून दाबायच्या की चाकांची वीज थेंबाथेंबाने माझ्यात उतरायची. धसकन ब्रेक मारणाऱ्यांची बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जाते. काकूंची जात नसे. त्यांच्या हाताखाली, किंवा पायाखाली म्हणा, मी फार सुखात होते.

काका शेजारी बसून सूचना द्यायचे. "डावीकडे घे." "हॉर्न दे." "अगं, त्याला जाऊ दे की पुढे." काकू हसून म्हणायच्या, "अहो, ही बस नाही, मागे कंडक्टर नाही उभा." दोघांचे बरे चालले होते.

त्या दिवशी आम्ही डोंगरावर राहणाऱ्या त्यांच्या मुलीच्या घरून परतत होतो. रस्ता सलग उताराचा, वळणावळणाचा. काकूंचा पाय ब्रेकवर अलगद टेकलेला होता आणि मी भरत चालले होते. साठ, सत्तर, ऐंशी. अर्धा उतार अजून बाकी होता, तोच संगणकाने माझे दार लावून घेतले. आता चाकांना आवरायला दुसरे कोणीतरी हवे. संगणकाने ते काम इंजिनावर सोपवले. पेट्रोल न जाळता नुसते इंजिन जोरात फिरवायचे, म्हणजे गाडी आपोआप अडते. बरोबरच होते ते. पण इंजिन एकाएकी किंचाळले.

"अगं, पाय काढ!" काका ओरडले. "ॲक्सिलरेटर दाबतेयस तू!"

"नाही हो, ब्रेकवर आहे पाय माझा."

"मला ऐकू येतंय ना! रेस होतेय गाडी. चुकीचा पाय आहे, काढ आधी!"

"अहो, खरंच ब्रेकवर आहे!"

मित्रांनो, आता पुढचे ऐका. चाळीस वर्षे ज्या हाताने माणसांनी खचाखच भरलेली बस सांभाळली, तो हात मधल्या दांड्याकडे गेला आणि त्याने दांडा ढकलला. गाडी न्यूट्रलमध्ये गेली. इंजिनाने चाकांना धरून ठेवले होते, ती पकड सुटली. इंजिन गप्प झाले आणि गाडीने उतारावर झेप घेतली. समोर वळण, वळणावर दगडी भिंत. मी नुसती पेटीत बसून होते. माझ्या हातात काहीच नव्हते.

काकूंनी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. टायर कर्कश ओरडले, रबर जळाल्याचा वास माझ्यापर्यंत आला. बाजूचा आरसा भिंतीला घासून फुटला आणि गाडी थांबली.

मग काकांनी अगदी बारीक आवाजात विचारले, "थांबलो का आपण?"

काकू दांड्यावरच्या त्यांच्या हाताकडे बघत होत्या. "तुम्ही हात घातलात?" एवढेच त्या म्हणाल्या. घर येईपर्यंत गाडीत चकार शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे मला घेऊन गॅरेजवाल्या ताईंकडे गेले. ताईंनी तपासणीचे यंत्र जोडून पाहिले.

"गाडीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "उतारावर बॅटरी भरली की इंजिन असंच ओरडतं. तेच गाडी आवरत असतं. लांबचा उतार असला की असं होतंच."

"म्हणजे हिचा पाय..." काका अडखळले.

"काकूंचा पाय बरोबर होता, म्हणून तर वाचलात."

काका तिथेच टायरच्या चळतीवर बसले. मला वाटले, आता ते काकूंशी काहीतरी बोलतील. त्यांनी नुसता फुटका आरसा बदलायला सांगितला.

त्यानंतर ते गाडीत बसेनात. "तू जा, मला कंटाळा आलाय," असे काहीबाही सांगायचे. दवाखान्यातही शेजाऱ्यांबरोबर जातो म्हणायचे. काकूंनी त्याचा सरळ अर्थ काढला, यांचा माझ्यावर विश्वास उरला नाही. त्यांनी गाडीवर कापड घातले आणि किल्ली कपाटात टाकली.

उभ्या गाडीत माझे काय झाले ते कोणाला ठाऊक नाही. ज्या संगणकाने मला कधी चाळीसच्या खाली जाऊ दिले नव्हते, तो आता झोपला होता. गाडी सुरूच नसेल तर तो तरी मला कसा भरणार? आठवड्यांमागून आठवडे माझ्यातली वीज आपोआप झिरपत राहिली. चाळीस गेले, तीस गेले. पुढच्या बाजूची छोटी बॅटरी, जी दिवे लावते आणि संगणकाला जागे करते, ती माझ्याही आधी संपली. असे कोणी आम्हाला टाकून देईल हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

मग एका सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला. खिडकी उघडी होती आणि गाडी खिडकीखालीच उभी होती, म्हणून मला काकूंचा आवाज ऐकू आला.

"काय? आलेच नाहीत? अहो, पण ते तर दर वेळी..."

फोन ठेवल्याचे ऐकू आले.

"कुठे जात होता तुम्ही?" काकूंनी विचारले.

"कोपऱ्यावरच्या बागेत. बसून परत यायचो."

"डोळे जातील ना हो! मला का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? मला ने म्हणून? त्या दिवशी भिंतीवर घातलं असतं मी तुला."

"आणि मी समजत होते, तुमचा माझ्यावर भरवसा नाही."

"तुझ्यावर आहे गं," काका म्हणाले. "माझ्या हातावर नाही राहिला."

काकू कपाटातली किल्ली घेऊन तशाच घरातल्या चपला घालून खाली आल्या. त्यांनी कापड ओढून काढले, बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. एक दिवाही लागला नाही. "आता हिलाही मी मारलं," असे म्हणून त्या स्टिअरिंगवर डोके टेकून रडल्या. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, मी आहे अजून! पण सांगणार कशी?

त्या दिवशी टॅक्सी करून दोघे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की जेवढी नजर गेली ती परत यायची नाही. उरलेली मात्र इंजेक्शने न चुकवल्यास टिकेल.

गॅरेजवाल्या ताईंनी मला पेटीतून बाहेर काढले. माझा एक घट निकामी झाला होता. तो त्यांनी काढून टेबलावर ठेवला, आणि आपलाच एक तुकडा आपल्यापासून दूर पडलेला पाहून मी हादरून गेले. मला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धुळीने गच्च बुजली होती, तीही त्यांनी साफ केली. नवा घट बसवून त्याला बाकीच्यांच्या बरोबरीने भरले आणि पुढच्या छोट्या बॅटरीतही जीव आणला.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी गाडी असेल तर माझे एवढे ऐका. आठवड्यातून एकदा तरी तिला बाहेर काढा. मागच्या सीटजवळची हवेची जाळी पिशव्या आणि चादरींनी झाकू नका. आणि उतारावर इंजिन ओरडले तर घाबरून कशालाही हात लावू नका. आधी चालवणाऱ्याला विचारा आणि त्याचे खरे माना. वापरून मी झिजते, हे खरे. पण नुसती ठेवून दिली तर त्याहून लवकर संपते.

परवा काकांच्या इंजेक्शनचा दिवस होता. ते पुढच्या सीटवर येऊन बसले. पट्टा कुठे अडकवायचा ते चाचपत होते, तोंडाने बडबड चालू होती. काकूंनी पट्टा लावून दिला, बटण दाबले आणि ॲक्सिलरेटरवर पाय अलगद टेकवला. इंजिनाला मी उठवलेच नाही. सगळा भार एकटीने, जराही आवाज न करता उचलला.

"उशीर होतोय," काका मान खाली घालून अजून पट्टाच चाचपत म्हणाले. "निघायचं कधी?"

"अहो," काकू म्हणाल्या, "गल्ली संपली आपली."