मोजणीला आलेली पाहुणी

बदक जिवासाठी पळत होतं आणि चान्सीमावशी डुकरासाठी. शेवटी चिखलात मावशीनंच त्याला गाठलं.

"ह्ये एक जितं ऱ्हाऊ दे," पाय बांधत ती मला म्हणाली. "बाईला दावायला."

गेल्या साली योजनेतून आमच्या गावात बदकं वाटली होती. त्यांच्यामुळं गावाचं भलं झालं का, हे बघायला विलायवनबाई राजधानीहून, व्हिएंतियानहून येणार होत्या. भलं झालं असलं, तर पुढं डुकराची पिल्लं मिळणार. मावशीनं पिल्लासाठी कुडाचं खोपटं बांधून ठेवलं होतं. पिल्लाचं नावही ठरलं होतं: बुन्मी, म्हणजे पुण्यवान.

बाई आल्या. म्हणाल्या, "ज्यांनी वाटली, ज्यांना मिळाली, ज्यांना नाही मिळाली, सगळ्यांशी बोलायचंय. आधी काय होतं, आता काय आहे, आणि फरक बदकांमुळंच पडला का, एवढंच बघायचं."

"बघा की," गावप्रमुख खामपेंग म्हणाला. "पण आदी जेवा."

आमच्यात पाहुण्याला उपाशीपोटी प्रश्न विचारू देत नाहीत. शिवाय शेजाऱ्यानं जे वाढलं त्याहून कमी वाढलं, तर नाक कापलं जातं. पहिल्या घरी बदकाच्या खिम्याचं लाप आणि चिकट भात. दुसऱ्या घरी तेच, वर रस्सा. उन्हं चढली तशी बाईंचा चेहरा काकडीसारखा हिरवट झाला.

"बदकं दाखवता का जरा?"

"खाताय तीच की!"

राहिला थाँगलायतात्या. वाटपाच्या दिवशी तो लेकीकडं गेला होता, म्हणून त्याला बदक नव्हतं. तुलनेला असंच घर लागतं म्हणे. तात्यानं मडक्यात डोकावलं, तर शिजवायला नुसते बेडूक. तो मागच्या वाटेनं मावशीकडं पळाला.

"चान्सी, अब्रू चाललीया. बदक दे उसनं."

"अवं तात्या, त्ये दावायचं हाय!"

"मग दावतो की. ताटात."

अब्रूपुढं डुक्कर धाकटंच. मावशीनं दोरी सोडली.

ताट बघून बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला तर बदक मिळालंच नव्हतं ना?"

"न्हाई ना. म्हणून तर उसनं आणलं!"

बाई चटईवर आडव्या झाल्या. गावात आता बदकांची पिसं तेवढी उडत होती. मावशीनं गळा काढला, "बुडालं माझं डुक्कर!"

बाईंनी पडल्यापडल्याच विचारलं, "मावशी, बदकं नव्हती तेव्हा पाहुणा आला तर काय करायचात?"

"आतनं कडी लावायची. अन् खोकायचं न्हाई."

"आणि आता?"

"आता वाटंवरनं वढून आणतो की!"

बाईंनी ढेकर दाबला आणि तेवढंच लिहून घेतलं.

भात कापून झाल्यावर बुन्मी आला, बरोबर निरोपही. गावाचा अहवाल वरच्यांना फार आवडला होता. डुकरांचं काय झालं ते बघायला आता अख्खं पथक येणार होतं.

मावशीनं बुन्मीपुढं कोंड्याची पाटी सरकवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"खा बाबा, पोटभर खा. तुज्यावर लई माणसं जेवायचीत."