न्सोना मावशीचं तोंड

किन्शासाच्या आमच्या गल्लीत न्सोना मावशी मिकाते, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळायची. पक्षाघातानंतर तिचं तोंड डावीकडे वाकडं झालं होतं. माझं चित्रांवर पोट भरत नव्हतं तेव्हा ती म्हणायची, "खा रे किएसे, रिकाम्या पोटी रेघ वाकडी येते."

मी चित्रमालिका काढायचो. साल २०९०, शहर वाळलेलं, नदीवर एका बाईचा कब्जा. तिच्याशी लढणारी न्काके, हातातून वीज सोडणारी. खलनायिकेचा चेहरा काही केल्या जमेना. एका सकाळी मावशीला बघून मी तो पटकन रेखाटला. वाकडं तोंड एका फटक्यात ओळखू येतं, एवढाच विचार केला होता.

तिसरा अंक हातोहात खपला. आठवड्याभरात लोक मावशीला 'पाणीचोर' म्हणायला लागले. कढईपाशी थांबून तोंड वाकडं करून दाखवायचे. मी लांबून वळसा घालून जायला लागलो.

शेवटी मावशीनेच मला घरी बोलावलं. अंक तिच्या मांडीवर होता.

"मला वाचता येत नाही. वाच."

शेजारी तिची लेक लुझोलो उभी होती. मी वाचत गेलो. न्काके खलनायिकेला पकडते त्या पानावर आलो आणि पुढचं पान उलटलं.

"संवादाचा एक फुगा सोडलास," लुझोलो म्हणाली.

"महत्त्वाचा नाहीये तो."

"वाच की! लिहिताना नाही जीभ अडखळली?"

मी वाचलं, "देवानेच तुझं तोंड वाकडं केलं, कारण तुझं मन वाकडं आहे."

मी अंक मिटला.

"चुकलो, मावशी."

"मला वाटलं होतं," ती हळूच म्हणाली, "तू तरी रोज माझ्याकडे बघतोस ते माणूस म्हणून."

चौथ्या अंकात मी खलनायिकेचा चेहरा बदलला, पहिल्या पानावर माफीही छापली. वाचकांनी कळवलं, जुनीच बरी होती. गल्लीत नाव तेच राहिलं.

मावशी आता भर उन्हात, उकळत्या तेलापुढे, नाकापर्यंत फडकं गुंडाळून बसते. काल मी मिकाते मागितले. तिने दिले, गिऱ्हाइकाला देतात तसे. खा म्हणाली नाही.