डी ड्राइव्ह वापरात आहे

लालबागच्या त्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत दोन मुलूख होते. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. संप लांबला, गिरणी काही उघडेना, तेव्हा महादेवने स्वतः ठोकलेलं. अलीकडे बिऱ्हाड, पलीकडे महादेव. साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या मागावरचा, विणकर माणूस, कुठेतरी ड्यूटीवर जायला पाहिजे, म्हणून तो रोज सकाळी कपडे करून पार्टिशनच्या पलीकडे जायचा आणि संध्याकाळी अलीकडे यायचा. शेजारी विचारायचे, "महादेव खंय गेलो?" बायको सुभद्रा सांगायची, "कामावर."

पुढे मुलाने, आनंदा त्याचं नाव, लग्नांच्या शूटिंगच्या धंद्यासाठी लॅपटॉप घेतला. म्हातारा तो घेऊन थेट नाक्यावरच्या जगनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. "ह्याकापण मधी पार्टिशन घाल. सी पोराची, डी माझी." जगनने घातलं. म्हातारा डीमध्ये काय करायचा, कोणाला कधी कळलं नाही. हद्द म्हणजे हद्द.

त्याला जाऊन आता वर्ष झालं होतं. पार्टिशनपलीकडच्या त्याच्या खाटेवर कोणी झोपत नव्हतं आणि डीमध्ये कोणी फाइल टाकत नव्हतं.

"खाट रिकामी, डी रिकामी," आनंदाची बायको मंजुळा म्हणायची, "आणि आम्ही सगळे सीमध्ये कोंबलेले!"

त्या दुपारी प्रकरण गळ्याशी आलं. समोरच्या कौसल्याकाकूंची पोरगी संध्याकाळच्या विमानाने दुबईला सासरी चालली होती. सासू लग्नाला येऊ शकली नव्हती, तिला दाखवायला लग्नाची सीडी न्यायची होती. आणि फिल्म मंगलाष्टकांपाशी अडकली. अंतरपाट धरलेला, नवरानवरी दोन बाजूंना, आणि वर लाल पट्टी: सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. सीडी दिली नाही तर कौसल्याकाकू अख्ख्या गल्लीत डंका पिटणार आणि आनंदाच्या कॅमेऱ्याला यंदाच्या सीझनला एक हळदसुद्धा मिळणार नाही.

आनंदाने सीमधून गाणी उडवली. दोन बारशी उडवली. मंजुळाची पाठ वळलेली बघून महाबळेश्वरचा हनिमूनही उडवला. पट्टी निळी झाली. चहा पिऊन आला तर परत लाल.

"डीत टाका ना!"

"मागे टाकली होती ती हळद आठव."

मागे त्याने एका हळदीची फिल्म डीमध्ये टाकली, तेव्हा ट्यूबलाइट फुटली, कुकरची शिट्टी उडून छतात रुतली आणि सकाळी ती हळद आपोआप परत सीमध्ये येऊन बसली होती. कोणी आणली? मी नाही, मंजुळा म्हणाली. मी नाय, सुभद्रा म्हणाली. आणखी कोणी घरात नव्हतं.

शेवटी जगनला बोलावलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "सोपं आहे रे. भिंत सरकवायची. डी थोडी कमी, सी थोडी जास्त."

"ह्यांका इचारल्याशिवाय?" सुभद्रा दारात उभी राहिली.

"काकी, कॉम्प्युटर आहे तो."

"खाट पण खाटच आसा. झोपतंस?"

जगनने खाटेकडे पाहिलं आणि घाईघाईने बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: डी ड्राइव्ह वापरात आहे.

"कोण वापरतंय?" मंजुळाने विचारलं. जगनने तेच बटण परत दाबलं. पंखा तेवढा करकरला.

मग शेवटच्या खोलीतल्या नानांना आणलं. चाळीत गाऱ्हाणं घालायचं म्हणजे नानाच. एके काळी महादेवच्याच खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांनी लॅपटॉपसमोर नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि आवाज लावला.

"बा महादेवा! आज ह्या लेकरान तुझ्याकडे वायच जागा मागलेली आसा, ती दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जगनही म्हणाला, मग लाजला.

"तुझी काय इच्छा ऱ्हवली आसात तर पुरी करू रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गिरणी कामगारांच्या घराची लॉटरी लागली तर दारार तुझा नाव लावू रे म्हाराजा!"

बटण. डी ड्राइव्ह वापरात आहे.

"तेका म्हायत आसा लॉटरी लागाची नाय ती," नाना पुटपुटले.

जगन वाकून खुटुखुटु करत होता. "अरे, गाण्याचा प्लेअर डीतली एक फाइल वाजवतोय की आतून! लॅपटॉप उघडला की आपोआप चालू होतोय. आवाज बंद आहे म्हणून कळलं नाही." त्याने आवाज मोठा केला.

खटाक-खट. खटाक-खट. खटाक-खट.

साचा नव्हता तो. म्हाताऱ्याच्या तोंडाचा आवाज होता. मध्ये श्वास घेतलेला, मध्ये खोकला, की परत खटाक-खट. वर्षभर, लॅपटॉप उघडा असला की म्हातारा आत मुक्याने कामावर होता. गॅलरीतले म्हातारे एकेक करून दाराशी आले. नानांची बोटं हवेत तुटलेल्या सुताला गाठ मारू लागली. सुभद्रा भिंतीला टेकून खाली बसली.

"हा बंद केला की काम झालं," म्हणत जगनने प्लेअर बंद केला. बंद झाला नाही. परत केला. खटाक-खट.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. कौसल्याकाकू जिन्यातून ओरडल्या, "आनंदा, सीडी!"

"आये, काय करू गं?" आनंदा आईकडे वळला.

"दुसऱ्या पाळयेचो माणूस येवन साच्यार हात ठेवता, तवसर पयलो साचो सोडीत नाय," सुभद्रा डोळे मिटून म्हणाली. "चालतो साचो दुसऱ्याच्या हातात देवचो लागता. ह्यांच्या जाग्यार कोण इलोच नाय. मगे ते उतरतले कशे?"

"व्हय," नाना म्हणाले. त्यात म्हाराजा नव्हता.

तिने लॅपटॉप उचलला, पार्टिशनच्या पलीकडे नेऊन खाटेवर ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा आनंदा पलीकडे गेला. तिथे गार होतं आणि तेलाचा वास येत होता, गिरणीच्या तेलाचा, जे खोलीत कोणी कधी आणलं नव्हतं. त्याने लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला. अख्खी गॅलरी बघत होती.

"खटाक," तो लाजत म्हणाला. "खट."

"नीट," नाना जॉबरच्या आवाजात ओरडले.

"खटाक-खट. खटाक-खट." दोन्ही आवाज जुळले, बाप आणि पोरगा, तीन-चार ठोके एकत्र पडले आणि मग त्यातला एक थांबला. कोणीतरी लांब सुस्कारा सोडला. खाट करकरली, जसं कोणी उठलं की करकरते.

जगनने बटण दाबलं. भिंत सरकली. लाल पट्टी निळी झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, फिल्म पुढे सरकली. त्याने सीडी काढून कौसल्याकाकूंच्या हातात कोंबली.

"काय रे आनंदा, बोलत का नाहीस?" त्यांनी डोकावून विचारलं.

"खटाक-खट," आनंदा म्हणाला.

"काम झालं रे, थांब आता," जगन म्हणाला.

आनंदाने मान हलवली. थांबायचं त्याच्या मनात होतं, पण हात कडेवरून सुटत नव्हता. सुभद्रा भिंतीला टेकून गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. मंजुळाने त्याचा खांदा हलवला. तो हलला नाही. त्याने हनुवटीनेच जगनला खूण केली: ये, हात ठेव.

"माझं दुकान उघडं राहिलंय रे," जगन म्हणाला आणि पाठमोरा न होता, तसाच मागे मागे जिन्यापर्यंत गेला.

आनंदाने नानांकडे पाहिलं. नाना वाकून चप्पल शोधत राहिले. त्याने गॅलरीकडे पाहिलं, आणि दारं एकेक करून आतून लागायला लागली. कोणालाच त्याच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.