उशीचा कोरा अभ्रा

मित्रांनो, हात लावण्याआधी ऐकून घ्या. मी एक जुनी इस्त्री आहे, कोळशाची. आता गार आहे, म्हणून तुम्ही एवढे जवळ आलात. माझ्या भरातल्या दिवसांत माणसं दोन हात लांब उभी राहायची आणि मला ते आवडायचं.

माझा जन्म ओतशाळेतला. पितळ वितळवून साच्यात ओतलं, कानशीनं कडा घासल्या, वर झाकण बसवलं, बाजूंना हवेसाठी भोकं पाडली आणि मुठीला काळं, कठीण लाकूड लावलं. माझ्याबरोबर ओतलेल्या बाकीच्या इस्त्र्या कुठे गेल्या कोण जाणे. मोडीतच गेल्या असणार. त्यांचे तळ माझ्याइतके सपाट नव्हते. बढाई मारत नाही, खरं आहे ते सांगते.

मी आले ती एका इस्त्रीवालीच्या दुकानात. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. पुढे लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर. मागे पडदा, पडद्याआड घर. आमची मालकीण शाळेत गेली ती जेमतेम अक्षरओळखीपुरती, पण तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. तिची एक रीत होती. गिऱ्हाईक दारात येऊन घडीला नावं ठेवू लागलं, की ती तिथल्या तिथे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायची. तक्रार दारातून तशीच बाहेर गेली तर ती गावभर फिरते, असं तिचं म्हणणं. मला तिचं हे वागणं मनापासून पटायचं. आम्ही दोघी तापायला सारख्याच.

तिला एकच लेक. ती कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपून वाढली, आणि मोठी झाल्यावर त्याच गाठोड्यांवर बसून गोष्ट लिहू लागली. तुमच्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलामुलींसाठी. गोष्ट होती इस्त्रीवालीच्या मुलीची. दुकानात आलेला एका गिऱ्हाइकाच्या लेकीचा निळा झगा ती एका संध्याकाळपुरता घालते आणि मिरवायला निघते. एकेक प्रकरण झालं की लेक विचारायची, "आई, वाचू का?"

"वाच," मालकीण म्हणायची, "कान रिकामेच आहेत."

मग लेक वाचायची आणि आम्ही दोघी कामात. पहिली काही पानं आम्ही कामाच्या नादातच ऐकली. मग ते प्रकरण आलं, ज्यात ती मुलगी निळा झगा घालून वळणावर येते आणि समोरून त्या झग्याची खरी मालकीणच चालत येते. आमच्या मालकिणीचा हात थांबला. मी खाली मुख्याध्यापकांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उभी. धूर निघाला तेव्हा कुठे ती भानावर आली. शर्टावर माझ्या आकाराचा तपकिरी ठसा, टोकासकट. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक दारात आले. तिनं तोंडाचा असा काही पट्टा सोडला की शर्ट जाळला आम्ही आणि माफी मागून गेले ते.

तेव्हापासून घरात नियम झाला, आणि लेकीनं पहिल्या प्रकरणापासून पुन्हा वाचायला घेतलं. वाचन सुरू झालं की गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला, आणि माझ्याखाली घरचे उशीचे अभ्रे. प्रकरण जमलं की हात थांबायचा आणि अभ्र्यावर ठसा उमटायचा. नाही जमलं तर अभ्रा स्वच्छ, आणि लेक मुकाट्यानं ते प्रकरण पुन्हा लिहायची. पुन्हा वाचायची, ठसा पडेपर्यंत. प्रत्येक अभ्र्याच्या कोपऱ्यात ती लाल दोऱ्यानं प्रकरणाचा आकडा टाकायची, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना खूण करतात तसा. रात्री मायलेकी त्याच अभ्र्यांवर डोकं ठेवून झोपायच्या. त्या पुस्तकाची पहिली पारख माझी. नंतर कुणी काहीही लिहो, ही गोष्ट विसरू नका.

आणि मग ती आली. लेकीनंच आणली, आईचा हात दुखतो म्हणून. विजेवरची, फिकट निळी, पोटात पाणी आणि मागे लांब वायर. मालकिणीनं तिला उचलून बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, फुलासारखी हलकी." मला उभ्या जन्मात कुणी फूल म्हटलं नाही. मला फळीवर चढवलं, मग फळीवर जागा पुरेना म्हणून खाली उतरवलं, आणि शेवटी वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराला टेकवलं. मी दाराचं वजन झाले. येणारा जाणारा मला पायानं सरकवू लागला, आणि तिकडे ती टेबलावर वाफा सोडत बसायची, जशी काही सगळं दुकान तिनंच उभं केलंय. एका जागी जरा थांबली की आपोआप गार पडायची. कापड जाळायचीसुद्धा धमक नाही.

पुस्तकाचं शेवटचं, दहावं प्रकरण वाचलं गेलं ते तिच्या वाफेत. माझं तोंड रस्त्याकडे होतं. मालकीण म्हणाली, "छान झालं हो." लेकीनं त्या अभ्र्याच्या कोपऱ्यात आकडा टाकला, पानं बांधली आणि प्रकाशकांकडे पाठवली.

पुस्तक आलं. आता आपलं कौतुक सुरू होईल असं मला वाटलं होतं. पण लेक आईला काही विचारीना. ती फोनला विचारू लागली. मित्रांनो, काही माणसं नवी पुस्तकं वाचून त्यांचे फोटो काढतात, त्यांना पाचपैकी तारे देतात आणि आपलं मत ब्लॉगवर लिहितात. लेकीनं अशा बऱ्याच जणांना पुस्तक पाठवलं आणि मग ती टेबलाच्या कोपऱ्यावर फोन ठेवून वाट बघत बसली. तळहाताएवढी ती वस्तू. ना वजन, ना धग. आणि पोरगी तिच्याकडे बघते कशी, तर पहिल्या नऊ प्रकरणांनंतर आईकडे बघायची तशी. माझा जळफळाट झाला.

त्या सगळ्यांत एक फार नावाजलेली. मालकीण तिला चष्मेवाली म्हणायची, कारण फोटोत आधी चष्मा दिसायचा आणि मग तोंड. चष्मेवालीनं चांगलं म्हटलं की पुस्तक हातोहात जायचं म्हणे. तिनं आमच्या आधी एका डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं पुस्तक उचलून धरलं. पाच तारे, शेजारी फुलं. लेकीनं ते आम्हाला वाचून दाखवलं, तेही असं, की जणू कडू गोळी चघळतेय. "आई, तिच्या गोष्टीत पान नव्वदपर्यंत काही घडतच नाही," ती म्हणाली. आई म्हणाली, "मग वाचलंस कशाला एवढं?" लेकीच्या पोटात काय दुखतंय ते मला कळत होतं. माझ्याही तेच दुखत होतं.

मग आमची पाळी आली. तीन तारे. फुलं नाहीत.

चष्मेवालीनं लिहिलं होतं, "नऊ प्रकरणं वाचताना माझा चहा निवून गेला. दहावं मात्र इस्त्री केल्यासारखं आहे. एकही चुणी नाही. त्या मुलीला सगळ्यांनी इतक्या पटकन माफ कसं केलं?"

लेकीनं ते एकदा मोठ्यानं वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि कपडे पोचवायला निघून गेली. मालकीण मात्र तिथेच उभी. इस्त्री केल्यासारखं, हा दोष कधीपासून झाला? आयुष्य गेलं तिचं चुण्या काढण्यात. तिच्या लेखी हे गिऱ्हाईक दारात आलं होतं आणि दारातच त्याला उत्तर द्यायला हवं होतं. गिऱ्हाइकांना निरोप धाडण्यासाठी लेकीनं तिला फोनमध्ये बोललं की अक्षरं कशी उमटतात ते शिकवलं होतं. तिनं फोन उचलला, तोंडासमोर धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली.

"ए चष्मेवाले, इस्त्री कशाला म्हणतात माहीत आहे का तुला? फोटोत स्वतःची कॉलर बघ, कुत्र्यानं चघळल्यासारखी. आधी ती नीट कर, मग माझ्या पुस्तकाला नावं ठेव."

बटण दाबलं आणि ते सगळं चष्मेवालीच्या मताखाली जाऊन बसलं. मी दाराशी होते. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पण फोन लेकीचा, नाव लेकीचं, आणि त्यात 'माझ्या पुस्तकाला' म्हटलेलं. लेक परत आली तेव्हा फोन टेबलावर थरथरत सरकत होता. नवी लेखिका मत पचवू शकत नाही, माणसांच्या कपड्यांवर जाते, असं शेकडो लोक बोलत होते. बाकीच्या ब्लॉगवाल्यांनी जाहीर केलं, की हिचं दुसरं पुस्तक आम्ही उघडणारसुद्धा नाही. संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. दुसरं पुस्तक सध्या थांबवू, एवढंच म्हणाले. ते पुस्तक निम्मं लिहून झालं होतं. लेक गाठोड्यावर बसली ती उठेना.

मालकीण बराच वेळ टेबलावरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आई अडाणी आहे, तिनं केलं, असं लिहून टाक. माझं काय जातंय?"

"तुला अडाणी म्हणून मी सुटू?" लेक म्हणाली. "ते राहू दे. आई, ती खोटं बोलली का? तेवढं सांग."

मालकीण पडद्याआड गेली आणि उशांचे दहाही अभ्रे घेऊन आली. एकेक टेबलावर पसरला. एक, दोन, तीन, चार. सगळ्यांवर माझा ठसा, कुठे फिका, कुठे गडद. शेवटी दहावा पसरला. पांढराशुभ्र, कोपऱ्यात नुसता लाल दोरा.

"ही नवी जाळतच नाही, त्यामुळे लक्षात आलं नाही," मालकीण म्हणाली. मग तिनं कोऱ्या अभ्र्यावरून हात फिरवला. "नाही, तसंही नाही. माझा हात थांबलाच नव्हता. तू वाचत होतीस आणि मी मनात उद्याच्या घड्या घालत होते. तू एवढी खूश होतीस की मी छान म्हणून गेले."

लेकीनं तो कोरा अभ्रा मांडीवर घेतला. मग चष्मेवालीच्या मताखाली तिनं लिहिलं, की ते उत्तर आमच्या घरातून गेलं, त्याची मी माफी मागते. दहाव्या प्रकरणाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. कॉलरचंही खरं आहे, पण ते बोलायला नको होतं.

काही दिवसांनी दारात एक मुलगी उभी राहिली. आधी चष्मा दिसला. हातात शर्टांचं गाठोडं आणि पुस्तक ज्यातून गेलं ते पाकीट, त्यावर आमचा पत्ता. "काकू," ती म्हणाली, "कॉलर." मालकिणीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं, गाठोडं ओढून घेतलं आणि म्हणाली, "बस तिथे. कॉलर आधी उलट्या बाजूनं करायची असते, आईनं शिकवलं नाही का?" झालं एवढंच. पण ती बसली कुठे, तर लेकीच्या गाठोड्यावर, लेकीला खेटून. दोघी हसायला लागल्या. आत येताना तिनं मला पायानं सरकवलं होतं, ते मी विसरलेले नाही.

चष्मेवालीनं घडल्या प्रकाराबद्दल चार चांगले शब्द लिहिले, मग बाकीचेही निवले. प्रकाशक म्हणाले, दुसरं पुस्तक पूर्ण करा. लेकीनं केलं. त्याचं शेवटचं प्रकरण वाचायचं होतं त्या दिवशी चष्मेवाली शर्ट न्यायला आली होती आणि हललीच नाही. मालकिणीनं विजेवरच्या इस्त्रीची वायर काढली. दाराशी वाकली आणि मला दोन्ही हातांनी उचललं.

"आज ही," ती म्हणाली. "आज मला खरं काय ते कळायला हवं."

तिनं माझी राख झटकली, तळ चिंचेसारखं आंबट काहीतरी लावून घासला, पोटात निखारे भरले. किती काळानं तापले मी. लेक वाचू लागली. मी अभ्र्यावरून इकडून तिकडे जात होते. मग मालकिणीचा हात मंदावला. मग थांबला. खालचं कापड करपायला लागलं, धुराचा वास आला. चष्मेवाली सांगायला म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात मालकिणीनं तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. जळू दे.

लेक वाचत राहिली. तिला वास आला होता. पण तिनं मान वर केली नाही.

त्या पुस्तकाचा फोटो चष्मेवालीनं काढला तो त्या अभ्र्यावर ठेवून. फुलं नव्हती. त्या फोटोत मी नाही, माझा ठसा आहे. कित्येक हजार लोकांनी तो बघितला म्हणे, आणि तो कुणाचा हे एकालाही माहीत नाही.

तर मित्रांनो, आता तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काही लिहिलंत, चित्र काढलंत, गाणं बसवलंत, तर लांबच्या माणसांना विचारा, जरूर विचारा. ती खरं बोलली तर त्यांच्या कॉलरवर जाऊ नका. पण त्यांच्याआधी एकदा घरातल्या कुणाला तरी ऐकवा, आणि ऐकवताना त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. आणि एखादी जुनी वस्तू दाराशी पडलेली दिसली, तर पायानं सरकवू नका. उचला, पुसा, तेलाचा हात फिरवा. मी अजून तापते.