आवाजाच्या जरा मागे

“तूच खेळलीस ना गं? खरं सांग,” घणवाल्याने सुनेला तिसऱ्यांदा विचारलं.

“मी कशाला खोटं बोलू, बाबा? मला तुमच्या लेव्हलमध्ये चाळीसच्या वर टक्के मिळाले नाहीत,” ती डबा भरता भरता म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. तसा तो कुणावरच पटकन बसत नसे. वजनकाट्यावरही तो दोनदा चढायचा.

तीस वर्षं लोहाराच्या भट्टीवर घण मारून त्याची बोटं आखडली होती. सून ज्या दवाखान्यात कामाला होती, तिथे बोटांच्या सगळ्याच पेशंटना फोनवरचा एक तालाचा खेळ देत. गाणं वाजतं, वरून गोळे पडतात, गोळा रेघेवर आला की बोट टेकवायचं. महिनाभर दुसऱ्यांच्या लेव्हल खेळून त्याने नाक मुरडलं. मग स्वतःचीच बनवली. जुन्या रुळाच्या तुकड्यावर सळी ठेवून लहान हातोड्याने ठोकली, आवाज फोनमध्ये भरला आणि एकेक गोळा स्वतः मांडला.

“गोळा आवाजावर ठेवायचा, बाबा. तुमचे सगळे जरा मागे पडलेत,” सून तेव्हा म्हणाली होती.

“मागेच पडणार. भट्टीवर आधी उस्ताद हातोड्याने जागा दाखवतात, मग माझा घण येतो. घणाने पुढे पुढे केलं तर कुणाचं तरी कपाळ फुटेल.”

ती हसली आणि तिने लेव्हल सगळ्यांसाठी खुली केली. सात जण खेळले, सातही आपटले. आठव्याला शंभर टक्के! नाव न लावणाऱ्याला खेळच नाव देतो, तसं त्याचं नाव होतं पाहुणा ४१७.

“आपोआप खेळणारे प्रोग्रॅम असतात,” सून म्हणाली. “तसलंच असेल काही.”

पण घणवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या आवाजामागे नेमकं किती थांबायचं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या दुसऱ्याने नऊ वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी, त्या दिवशी सकाळी त्याची उस्तादांशी बाचाबाची झाली होती. दुपारी उस्तादांनी रिकाम्या ऐरणीवर हातोडा दोनदा वाजवला, म्हणजे थांब. त्याला ऐकूच आलं नाही. कान जायला लागले होते, पण काम सुटेल म्हणून त्याने ते लपवलं होतं; कानाचं यंत्र फार पुढे आलं. घण पडला आणि उस्तादांची दोन बोटं गेली. मुद्दाम मारला, असं उस्तादांच्या मनात बसलं ते बसलंच.

मग आता हे काय? टोमणा? की खरंच प्रोग्रॅम?

त्याने सापळा लावला. नव्या लेव्हलमध्ये सळीवरचे ठोके, मग रिकाम्या रुळावर दोन, आणि त्यानंतर मुद्दाम चार गोळे. प्रोग्रॅम असेल तर चारही टिपेल. उस्ताद असतील तर... पुढचा विचार करायचीही त्याला धास्ती वाटली.

संध्याकाळी निकाल आला. पाहुणा ४१७ ने सगळे गोळे टिपले होते, शेवटचे चार सोडून.

“अरेरे, शेवटी चुकला बिचारा.”

“चुकला नाही,” घणवाला म्हणाला. “थांबला.”

लाजेने त्याला मान वर करवेना. मग त्याने ते चार गोळे स्वतःच्या बोटाने पुसले आणि सुनेकडून लेव्हलखाली एक ओळ लिहून घेतली: ‘मला ऐकू आलं नव्हतं. कान गेलेत, हे भीतीपोटी सांगितलं नाही.’

तीन दिवस तिकडून चकार शब्द नाही. “नऊ वर्षांनी सुचलेलं निमित्त वाटत असेल त्यांना,” तो म्हणाला. “मी तरी विश्वास ठेवला असता का?”

चौथ्या दिवशी पाहुणा ४१७ ने स्वतःची पहिली लेव्हल टाकली. घणवाल्याने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि फोन मांडीवर घेतला.

रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके पडले. मग शांतता. तो बोट वर धरून थांबला. शांतता संपेना.

“बंद पडलं का?” सून पुटपुटली. त्याने हातानेच तिला गप्प केलं.

मग हातोड्याचा एकच ठोका आला. गोळा त्या आवाजावर नव्हता. जरा मागे होता, घण पडतो तिथे.

घणवाल्याने बोट टेकवलं.