बोकडाची निर्दोष फुफ्फुसं

जीवशास्त्राच्या सरांना फुफ्फुसांतलं सगळं कळत होतं, आणि त्याचा त्यांना थोडा माजही होता. अठ्ठावीस वर्षं एकच धडा शिकवल्यावर डोक्यात हवा जायचीच. वर्षभर जिना चढताना धाप लागायची, तेव्हा ते मधेच थांबून सूचनाफलक वाचत. फलकावर एकच जुनी सूचना होती, ती त्यांना तोंडपाठ झाली होती. श्वासाची तपासणी करून घ्या म्हणून डॉक्टरांनी दोनदा बजावलं, पण फुफ्फुसांबद्दल सरांना कोण शिकवणार! सिगारेटचं पाकीट काही खिशातून हललं नाही.

त्या दिवशी त्यांनी खाटकाकडून बोकडाची फुफ्फुसं आणली, श्वासनलिकेसकट. नळीवरच्या कूर्चेच्या कड्या मुलांना दाखवल्या. कड्यांमुळे नळी दबत नाही, आणि त्या मागच्या बाजूला उघड्या असतात म्हणून अन्ननलिकेतून घास उतरायला जागा मिळते. आत फांद्या फुटत फुटत वायुकोश, त्यांची भिंत इतकी पातळ की प्राणवायू सहज रक्तात जातो. फुफ्फुस आपणहून फुगत नाही. श्वासपटल खाली सरकलं की छातीत जागा होते आणि हवा आत येते. मेलेल्या बोकडाचं हे काम आपण फुंकून करू, म्हणत सरांनी रबरी नळी जोडली आणि फुंकर मारली.

फुफ्फुसं जेमतेम हलली. सरांनी पुन्हा फुंकलं. कान लाल झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि सर मटकन स्टुलावर बसले. मग त्यांनी खाटकाचा उद्धार केला. मेल्याची सुरी लागून भोक पडलंय, हवा निसटतेय. नाचता येईना, अंगण वाकडं!

प्रयोगशाळेतल्या मावशींना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी नळीचं टोक पुसलं आणि एक दमदार फुंकर मारली. दोन्ही फुफ्फुसं टम्म फुगून ट्रेबाहेर आली, गुलाबी आणि ठणठणीत.

"सर, मग भोक कुठंय?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं अगदी भाबडेपणानं विचारलं.

भोक शिकवणाऱ्यात आहे, असं म्हणून सर हसले, वर्गही हसला. आतून मात्र ते चांगलेच चरकले. बोकडाचं निदान करायला निघालेला हा शहाणा स्वतःच्या छातीला वर्षभर हात लावत नव्हता.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, म्हणजे ती हसेल. ती हसली नाही. मग उद्याच तपासणीला जातो, मला भीती वाटतेय, एवढं ते कसंबसं म्हणाले.

तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"फिरायला गेल्यावर मी दर दुकानापाशी थांबते, आणि तुम्ही मला हावरट म्हणता," ती म्हणाली. "वर्षभर मी काय कपडे बघत होते होय?"